मागच्या गेटाने आलेल्या बाई

छाया अहिरेला शाळेच्या गेटवर अडवलं ते तिच्या साडीमुळे.

साडी आईची होती. निळी, बारीक जरीकाठाची, आणि ती दिवसभर अंगावर टिकावी म्हणून आईने पहाटे नामपूरला घरात सापडतील तेवढ्या सेफ्टी पिना लावून दिल्या होत्या. छाया एरवी पंजाबी ड्रेसवाली. अंगाने किरकोळ, उंची बेताची. एम.एस्सी. झाली, बी.एड. झाली, तरी एसटीचा कंडक्टर तिला अजून "बाळा, जरा मागं सरक" असंच म्हणायचा. साडीत पोरगी जरा बाईसारखी दिसेल, असा घरच्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती आईची साडी नेसलेल्या दहावीतल्या मुलीसारखी दिसत होती, आणि नेमकी तारीख होती पाच सप्टेंबर.

शिक्षक दिनाला नवविहार विद्यालय दहावीची मुलं चालवतात. मुली आईच्या साड्या नेसून येतात, मुलं वडिलांचे शर्ट खोचून येतात, कोणी हेडमास्तर होतो, कोणी क्लार्क, आणि खरे शिक्षक हॉलमध्ये बसून समोसे खातात. शाळा नाशकातल्या इंदिरानगरच्या टोकाला. अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या आणि आसपासच्या कॉलन्यांतल्या झाडून सगळ्या घरांची मुलं तिथेच. एकेका इयत्तेच्या आठ-आठ तुकड्या. एवढ्या पसाऱ्यात कोण कुठल्या वर्गातलं हे वर्गशिक्षकांनाही हजेरी घेताना कळतं, वॉचमनला कुठून कळणार.

"दहावीच्या पोरींनी मागच्या गेटाने," दत्तू वॉचमन म्हणाला. "हे गेट स्टाफला."

"मी स्टाफच आहे. नवीन शिक्षिका."

"ते दिसतंय की. सकाळपासून लय नवीन शिक्षिका गेल्या. सगळ्या मागच्या गेटाने गेल्या."

छायाच्या मागे तिचे वडील भारत उभे होते. नामपूरच्या कांदा मार्केटात हमाली करणारा माणूस. एका दमात दोन गोण्या उचलेल, पण शाळेचं गेट दिसलं की चपला काढाव्यात की घालाव्यात या विचारात पडणारा. आज त्यांनी कामावर सुट्टी टाकली होती. त्यांना एकच गोष्ट बघायची होती. पोरगी हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिलेली एकदा डोळ्यांनी बघायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं.

"काय व्हयनं, माय?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही, दादा. मागून जायला सांगतायत."

"पालक बाहेर थांबतील," दत्तूने जाहीर केलं.

"तू जाय," भारत म्हणाले आणि भाकरीचा डबा तिच्या हातात दिला. "मी आठेच बसस," म्हणत ते गेटबाहेरच्या कट्ट्यावर टेकले.

छाया मागच्या गेटाने आत शिरली. वाद घालायचा तिचा स्वभाव नव्हता आणि वादाला वेळही नव्हता. कॉलेजातून मूळ प्रमाणपत्रं सुटायला उशीर झाल्याने आज शेवटचा दिवस उरला होता, आणि नेमणुकीच्या ऑर्डरमधली शेवटची ओळ तिला पाठ होती: पाच सप्टेंबरपर्यंत शाळेच्या वेळेत रुजू न झाल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल. किती परीक्षा, किती याद्या, किती वर्षं नातेवाइकांना "अजून नाही लागला नंबर" असं सांगणं, ते सगळं त्या एका ओळीवर टांगलेलं होतं. रुजू व्हायला फार काही लागत नव्हतं. ऑर्डर दाखवायची, मुख्याध्यापकांची सही घ्यायची, झालं.

ऑफिसात क्लार्कच्या खुर्चीवर साक्षी नावाची मुलगी बसली होती. डोळ्यांवर आजीचा चष्मा, त्यामुळे तिला समोरचं काही नीट दिसत नव्हतं, पण रुबाब पक्का होता.

"मला रुजू व्हायचंय," छाया म्हणाली आणि ऑर्डर पुढे केली.

"सगळ्यांनाच व्हायचंय," साक्षी म्हणाली. नवविहारची अशी पद्धत होती की दहावीच्या प्रत्येक मुलाला त्या दिवसापुरतं एक नेमणूकपत्र मिळायचं, शाळेच्या शिक्क्यासकट. साक्षीने छायाची ऑर्डर चष्म्याच्या वरून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "हे कुठून छापलंस गं? आमच्या पत्रांवर शिक्कासुद्धा धड उमटला नाहीये. ह तुकडीवाल्यांचं नेहमी असंच, काहीतरी भारी करतात."

"अगं, हे खरं आहे."

"हो ना, एकदम खरं वाटतंय," साक्षी मनापासून म्हणाली आणि ती ऑर्डर इतर नेमणूकपत्रांच्या गठ्ठ्यात मध्येच कुठेतरी खुपसून दिली. "गठ्ठा साहेबांकडे चाललाय. सहीला."

गठ्ठ्याच्या मागे छाया मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. तिथे सनी गांगुर्डे बसला होता. वडिलांचा लग्नातला कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. हा मुलगा एरवी वर्गात सर्वांत मागे बसायचा, पण खुर्चीत बसल्यापासून त्याच्यात फरक पडला होता. तो प्रत्येक कागद वाचून सही करत होता, आणि नवविहारच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

"सर, मला खऱ्या मुख्याध्यापकांना भेटायचंय," छाया म्हणाली.

सनीने पेन खाली ठेवलं. "सकाळपासून जो येतो तो हेच म्हणतो," तो म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. "मी काय चुकीचं काम करतोय का?"

"तसं नाही रे. तू... तुम्ही छान करताय. पण माझं काम वेगळं आहे."

"काम मी देतो ना. विषय कोणता?"

"विज्ञान," छायाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

सनीचा चेहरा उजळला. "आठवी ड ला विज्ञान. तिथे जायला कोणीच तयार नाही. तुम्ही जा." आणि त्याने गठ्ठ्यातून तिचा कागद ओढून त्यावर काहीतरी लिहायला सुरुवातही केली.

छाया बाहेर आली ती जवळजवळ रडवेली होऊन. कॉरिडॉरमध्ये शिपाई उभा होता. डोक्यावर गांधी टोपी, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पितळी घंटा. तिला आधार वाटला. शाळेत काहीही उलटंपालटं झालं तरी शिपाईमामांना सगळं माहीत असतं, हे तिला आपल्या शाळेपासून ठाऊक होतं.

आता इथे वाचकांना सांगून टाकलेलं बरं की तो शिपाई नव्हता. ते नवविहारचे खरे मुख्याध्यापक शेखर निकम होते. शिक्षक दिनाला साहेबांनी शिपाई व्हायचं आणि कोंडाजी शिपायाने हॉलमध्ये पाहुण्यांच्या खुर्चीत बसायचं, ही त्यांनीच पाडलेली प्रथा होती. इलेक्ट्रिक बेल त्या दिवशी बंद असायची आणि जुनी घंटा कपाटातून निघायची. पण दरवर्षी कोंडाजी संध्याकाळी म्हणायचा, "सर, तुम्हाला नाही जमत. मधेच साहेब होता तुम्ही." ते निकम सरांना फार लागायचं. यंदा काही झालं तरी साहेब व्हायचं नाही, असं त्यांनी घंटेवर हात ठेवून ठरवलं होतं.

"मामा, मुख्याध्यापक कुठे भेटतील?" छायाने विचारलं.

"साहेब आत खुर्चीत आहेत," निकम सर कमरेत वाकून म्हणाले.

"ते नाही हो. खरे."

"आज तेच खरे, ताई."

"मामा, असं नका करू. आज सही झाली नाही तर माझी नोकरी जाईल. माझे वडील गेटबाहेर बसलेत. ते एवढ्या लांबून आलेत." आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

निकम सर थक्क झाले. गेली कित्येक वर्षं ते मुलांची नाटकं बघत होते, पण असा अभिनय त्यांनी पाहिला नव्हता. डोळ्यांत पाणी, आवाजात कंप, आणि वडिलांचा तो तपशील. ह तुकडीची असणार, त्यांनी मनात नोंद केली. साहेब असते तर त्यांनी तिथेच शाबासकी दिली असती. पण ते शिपाई होते.

"घ्या, पाणी प्या," ते म्हणाले. "आणि आठवी ड मध्ये जा. फार गोंधळ चाललाय. सही होईल, काळजी नका करू."

शिपाईमामांनीच सांगितल्यावर छायाला जरा धीर आला. ती आठवी ड शोधत निघाली.

आठवी ड शोधावी लागली नाही, ऐकू आली. ही तुकडी शाळेत प्रसिद्ध होती. त्यांचे विज्ञानाचे सर मे महिन्यात निवृत्त झाले, आणि जूनपासून त्या तासाला जो मोकळा असेल तो आत येऊन "गप्प बसा" म्हणायचा. मग त्यालाही दुसऱ्या वर्गावर बोलावणं यायचं आणि तो निघून जायचा. शिक्षक जाताना मुलं हल्ली उठूनही उभी राहत नसत. छाया शिरली तेव्हा रवी नावाचा मुलगा बाकावर चढून पंखा हाताने फिरवत होता.

"ती पाती वाकलीय का?" छायाने विचारलं.

रवीला ओरडा अपेक्षित होता. "हो," तो गोंधळून म्हणाला.

"मग वारा कमी लागत असेल. सुट्टीत बघू या. खाली उतर, पडशील."

तिने फळ्यावर आपलं नाव लिहिलं, छाया अहिरे, आणि मग बाकाबाकाने सगळ्यांची नावं विचारली. पुढच्या बाकावरची अंजली, दोन वेण्या आणि कपाळावर कायमची आठी असलेली वर्गाची मॉनिटर, तिच्याकडे टक लावून बघत होती.

"आपलं शरीर कशाचं बनलंय?" छायाने विचारलं.

वर्ग गप्प. छाया वाट बघत उभी राहिली. आणखी थोडी वाट बघितली. मागून कोणीतरी "मटणाचं" म्हणालं. सगळे हसले, छायाही हसली, आणि म्हणाली, "बरोबर. आता मटण कशाचं बनलंय?"

यावर मात्र विचार सुरू झाला. शिकवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून तिने वडिलांनी दिलेला डबा उघडला. भाकरी, ठेचा आणि दोन मोठे कांदे. तिने कांदे फोडले, एकेका बाकावर एकेक पाकळी दिली आणि तिच्या आतला पातळ पापुद्रा नखाने कसा सोडवायचा ते दाखवलं. "हा खिडकीकडे धरा. यात भिंतीतल्या विटांसारख्या पेशी असतात. सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसतात. इथे आहे का कुठे?"

"कपाटात आहे," अंजली म्हणाली. "कुलूप असतं."

"उद्या उघडू," छाया बोलून गेली, आणि उद्या आपण इथे असू की नाही हे तिला मग आठवलं.

नामपूरचा कांदा आपलं काम चोख करतो. थोड्याच वेळात अख्खी आठवी ड डोळे पुसत होती, नाक ओढत होती आणि तरीही खिडकीकडे पापुद्रे धरून शांत बसली होती. नेमक्या त्याच वेळी उत्कृष्ट विद्यार्थी-शिक्षक निवडणाऱ्या दोन परीक्षक बाई बाहेरून गेल्या. आठवी ड ने आजवर शिक्षकांना रडवलं होतं, स्वतः कधी रडली नव्हती. बाई खिडकीशी थबकल्या.

"काय बोलली असेल हो ही मुलगी?" एक बाई कुजबुजल्या.

"गुरूंचं ऋण वगैरे," दुसऱ्या म्हणाल्या, आणि त्यांनीही पदराने डोळे टिपले. त्यांच्यापर्यंतही वास पोचला होता.

पहिलं बक्षीस तिथेच ठरलं.

इकडे ऑफिसातला फोन वाजला. पलीकडून संस्थेचे सचिव बोलत होते.

"नवीन शिक्षिका रुजू झाल्या का?"

"हो सर, झाल्या," साक्षी म्हणाली.

"छान. नाव काय त्यांचं?"

"कोणाकोणाचं सांगू? चाळीसेक जणी झाल्यात."

"चाळीस?"

"काही अजून येतायत सर. दोघीतिघींच्या निऱ्या सुटल्यात."

सचिवांनी फोन ठेवला आणि निकम सरांच्या मोबाइलवर लावला. निकम सर तेव्हा हॉलमध्ये कोंडाजीला समोसा वाढत होते. फोन ऐकता ऐकता त्यांच्या हातातली प्लेट तिरकी झाली.

"निकम सर, तुमच्याकडे काय चाललंय ते मी विचारत नाही. विज्ञानाच्या अहिरे मॅडम आज शाळेच्या वेळेत रुजू झाल्या नाहीत, तर ती जागा मला दुसऱ्या शाळेला द्यावी लागेल. तिथूनही मागणी आहे."

निकम सरांना घाम फुटला. ही शिक्षिका मिळावी म्हणून त्यांनी जूनपासून संस्थेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. अहिरे मॅडम म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर चष्मेवाल्या, पोक्त, हातात पर्स घेतलेल्या बाई उभ्या राहत. अशा बाई सकाळपासून कुठेच दिसल्या नव्हत्या.

"कोंडाजी, ऊठ. सगळे वर्ग बघून ये. अहिरे मॅडम म्हणून कोणी आल्यात का विचार."

"झालात ना साहेब," कोंडाजी समाधानाने म्हणाला आणि समोसा संपवून उठला.

तो आठवी ड च्या दारात पोचला तेव्हा छाया मागच्या बाजूला नळावर कांद्याचे हात धुवायला गेली होती. अंजली फळा पुसत होती.

"अहिरे मॅडम आल्यात का गं इथं?"

"नाही मामा," अंजली म्हणाली. "दहावीची ताई आलीये फक्त. कांदे घेऊन आलीये."

आठवी ड मधला एकही मुलगा त्यावर काही बोलला नाही. कोंडाजी पुढच्या वर्गाकडे गेला.

शेवटची आशा म्हणून निकम सर स्वतः गेटकडे धावले. टोपी तिरकी, हातात घंटा, तिची जीभ मुठीत धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर सचिव. "एक मिनिट सर, बघतोच," असं ते सारखं म्हणत होते.

"दत्तू, कोणी मॅडम आल्या का? मोठ्या, नवीन?"

"नाही सर. दहावीच्या पोरीच."

कट्ट्यावर बसलेले भारत शिपायाला वॉचमन सर म्हणतो हे बघून चकित झाले. नाशिकची शाळा, इथे सगळंच वेगळं असणार. दत्तूने सकाळी त्यांना सांगितलंच होतं की आज सगळ्याच पोरी मास्तरीण आहेत, आणि तेव्हापासून सरकारने एकदम एवढी भरती कशी केली या विचारात ते होते. ते उठून पुढे आले.

"मामा, मनी पोर मधमा जायेल शे. मी वाट दखी ऱ्हायनू."

निकम सर मूळचे सटाण्याकडचे. शहरात राहून जिभेवरची अहिराणी गेली होती, पण कानातली गेली नव्हती. ते नकळत वळले.

"पोरनं नाव काय शे?"

"छाया. छाया अहिरे. ती मास्तरीण शे."

निकम सरांना कॉरिडॉर आठवला, पाण्याचा तांब्या आठवला, टचकन भरलेले डोळे आठवले. आपण मनातल्या मनात त्या अभिनयाला किती गुण दिले होते तेही आठवलं. "अरे देवा," ते म्हणाले आणि आले तसे उलटे धावत सुटले.

या धावपळीत घंटेची जीभ मुठीतून सुटली हे त्यांच्या लक्षात आलं नाही. घंटा खणाणत होती, सारखी खणाणत होती, आणि नवविहारमध्ये सलग घंटेचा अर्थ एकच होता.

शाळा सुटली. दोन्ही जिन्यांवरून मुलांचे लोंढे खाली आले. दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या, निऱ्या सावरत पळणाऱ्या चाळीसेक शिक्षिका, आणि त्या लोंढ्याच्या उलट दिशेने टोपी सांभाळत वर चढणारे मुख्याध्यापक. "थांबा, सुटलेली नाही," असं ते ओरडत होते, पण शिपायाचं कोण ऐकतो.

"निकम सर," मोबाइलमधून सचिव म्हणाले, "घंटा ऐकली मी. शाळा सुटली तुमची. मग मी ती जागा तिकडे कळवतो."

"सर, एक मिनिट फक्त," निकम सर धापा टाकत म्हणाले. त्यांना माहीत होतं, आठवी ड घंटेचा पहिला टोल पडायच्या आत गेटबाहेर असते. ती बाई त्या गर्दीत कुठे वाहून गेली असेल आणि आपण तिला कसं शोधणार, हेच त्यांच्या डोक्यात होतं. तरी ते वरच्या मजल्यावर गेले, कारण दुसरीकडे कुठे जायचं हे सुचत नव्हतं.

सगळा मजला रिकामा होता. एक वर्ग मात्र भरलेला होता. आठवी ड जागच्या जागी बसली होती, खिडकीकडे कांद्याचे पापुद्रे धरून, आणि छाया फळ्यावर पेशी काढत होती. तिच्या हातात खडू होता आणि गालावरही थोडा होता.

"मामा, या, बसा," ती निकम सरांना बघून घाबरून म्हणाली. "केवढी धाप लागलीये. पाणी घ्या. सही झाली का हो माझी?"

निकम सरांनी टोपी काढली. "मॅडम, मीच मुख्याध्यापक आहे," ते म्हणाले. "माझं फार चुकलं. तुम्ही खरं सांगत होतात."

खडू छायाच्या हातातून पडला. पण निकम सरांनी तिला बोलू दिलं नाही, मोबाइल वर्गाकडे धरला. "सचिव साहेब, शाळा सुटलेली नाही. वर्ग चालू आहे. अहिरे मॅडम शिकवतायत, तुम्हीच ऐका." आणि मुलांकडे वळून विचारलं, "काय शिकलात रे?"

"पेशी," अख्खी आठवी ड एका आवाजात ओरडली. त्या आवाजाने सचिवांनी तिकडे फोन कानापासून लांब धरला असावा, कारण थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे. रुजू करून घ्या."

सनी गांगुर्डे गठ्ठा घेऊन दारात आला. घंटा झाली तरी तो खुर्चीतून हलला नव्हता. सह्या संपल्या नव्हत्या त्याच्या. त्याच्यामागे दत्तू भारतना घेऊन आला होता. भारतनी चपला दाराबाहेर काढल्या. समोर फळा, फळ्यावर पेशी आणि फळ्यासमोर छाया. ते बघतच राहिले आणि मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. कांद्याच्या माणसाला कांदा झोंबत नाही. मार्केटातल्या माणसाचे डोळे कधीच मेलेले असतात कांद्याला.

"जय भीम, सर," ते ओळख पटल्यावर ओशाळून म्हणाले. "मी तुम्हाला मामा म्हनलो."

"जय भीम. म्हणालात म्हणून तर सापडली तुमची पोर," निकम सर म्हणाले.

मग ते आठवी ड कडे वळले. एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. "कोंडाजी विचारायला आला होता ना इथे? यांनी तर तुम्हाला नाव सांगितलं असेल."

अंजली उभी राहिली. "सांगितलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं."

"मग?"

"मी पुसलं." कपाळावरची आठी आणखी खोल झाली. "आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं सर, ह्या दहावीच्या नाहीत. दहावीच्या ताया प्रश्न विचारतात आणि लगेच स्वतःच उत्तर सांगतात. ह्या थांबल्या."

"अगं, मग सांगायचं नाही का? यांची नोकरी गेली असती."

ते मात्र अंजलीला माहीत नव्हतं. "आमच्या वर्गावर जे कोणी येतं ना सर, त्यांना बोलावणं येतं. मग ते जातात. मामा बोलवायलाच आलेत असं वाटलं मला."

रवी मागच्या बाकावर उगाच दप्तराचा पट्टा ओढत बसला. निकम सरांना खरं तर ऐन वेळी मनात आलं होतं की एवढ्या चांगल्या बाईंना दहावी अ द्यावी, बोर्डाचं वर्ष आहे. ते ओठांवरही आलं होतं.

"सर," सनी घसा साफ करत म्हणाला. "ह्यांच्या ऑर्डरवर मी सकाळीच शेरा मारलाय." त्याने कागद पुढे केला. खऱ्या ऑर्डरवर, खऱ्या शिक्क्याच्या शेजारी, निळ्या शाईत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: रुजू करून घ्यावे. वर्ग आठवी ड. कायम. खाली सही, सनी गांगुर्डे, मुख्याध्यापक.

"'कायम' कशाला लिहिलंस?" निकम सरांनी विचारलं.

"मला वाटलं, नाटकच आहे तर चांगलं लिहावं," सनी म्हणाला. "खोडू का?"

निकम सरांनी कागदाकडे पाहिलं, अंजलीकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "आज साहेब तुम्ही आहात," ते म्हणाले. "शिपायाला कुठे साहेबांचा शेरा खोडता येतो?" आणि त्यांनी सनीच्या सहीखाली आपली सही केली.

बक्षीस मात्र परीक्षक बाईंनी बदलायला साफ नकार दिला. कंपासपेटी आणि फुलांचा गुच्छ घेऊन भारत संध्याकाळच्या गाडीत बसले. गुच्छ कोमेजला, पण कंपासपेटी त्यांनी नामपूरपर्यंत मांडीवरच ठेवली होती. शेजारचा विचारेल तेव्हा ते सांगत होते की पोरगी नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी पहिली आली.

दुसऱ्या दिवशी छाया आपला साधा पंजाबी ड्रेस घालून आली. दत्तूने लांबूनच ओळखलं, सलाम ठोकला आणि पुढचं गेट सताड उघडलं. ती आत पाऊल टाकणार तेवढ्यात तिला शाळेच्या बाजूच्या भिंतीच्या टोकाला मागचं गेट दिसलं. तिथे आठवी ड उभी होती. बाई कालच्याच वाटेने येणार असं गृहीत धरून सगळे तिकडे जमले होते, अंजली सगळ्यांत पुढे, टाचा उंचावून रस्त्याकडे बघत. रवीच्या हातात एक कांदा होता.

"मॅडम, या ना," दत्तू म्हणाला.

"थांबा दत्तूभाऊ, आलेच," छाया म्हणाली आणि भिंतीला वळसा घालून मागच्या गेटाकडे निघाली.